आखाजीला गच्चीवर पिक्चर लावायचाय? मग या क्रमाने लावा

आखाजी, म्हणजे आपल्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की माहेरवाशिणी येतात, भाचरं येतात आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच की यंदा गच्चीवर मोठ्या पडद्यावर लक्ष्याचा (लक्ष्मीकांत बेर्डेचा) पिक्चर लावू. विचार एकदम भारी आहे. पण जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा कुठेही बघा, दरवर्षी त्याच त्या चुका होऊन राहिल्या. उजेडातच प्रोजेक्टर लावतात, सुरकुतलेली चादर टांगतात, ब्लूटूथ स्पीकर मागे प्रोजेक्टरच्या शेजारी ठेवतात, कूलर फुल स्पीडला, आणि मग पहिल्या अर्ध्या तासात पोरं खाली पळतात, आजी झोपते आणि सगळे म्हणतात की जाऊ दे, टीव्हीवरच बरं होतं.

टीव्हीवर बरं नसतं. हे पिक्चर चाळीस माणसं एकदम हसली तरच पूर्ण होतात आणि त्यासाठी दोनच गोष्टी लागतात, कॉमेडीचा शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे आणि फॅन्टसीला पुरेसा अंधार पाहिजे. पडदा किती फुटी हे त्याच्यानंतर येतं. म्हणून खालचा क्रम बदलू नका.

हे सगळं घरच्या गच्चीसाठी किंवा अंगणासाठी, पंचवीस ते चाळीस माणसं धरून लिहिलंय.

टप्पा १ : पिक्चर आधी ठरवा, सामान मग

बहुतेक लोक आधी प्रोजेक्टर बुक करतात आणि पिक्चर त्या रात्री मोबाईलवर शोधत बसतात. उलटं करा, कारण कोणता पिक्चर लावणार त्यावरून सामान ठरतं.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) लावणार असाल तर तो पूर्णपणे बोलण्याचा पिक्चर आहे. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन आणि सिद्धार्थ रे एकाच खोलीत एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात. तिथे चित्र थोडं फिकट आलं तरी चालेल, पण एक वाक्य हुकलं की पुढचा हशा हुकला. म्हणजे पैसे आवाजावर घाला.

'झपाटलेला' (१९९३) वेगळा. तात्या विंचूचा बाहुला रात्रीच्या सीनमध्ये हिंडतो, अंधाऱ्या घरात नुसता चेहरा दिसतो. शेजारच्या खांबावरचा लाईट पडद्यावर येत असेल तर काळ्याचा राखाडी होतो आणि बाहुला कुठे उभा आहे तेच कळत नाही, मग घाबरायचं तरी कशाला. इथे अंधार सगळ्यात महत्त्वाचा.

'धडाकेबाज' (१९९०) हा पहिला मराठी सिनेमास्कोप पिक्चर, म्हणजे त्याची फ्रेम खूप रुंद आहे. टीव्हीसाठी कापलेली कॉपी लावली तर दोन्ही बाजूची माणसं गायब. त्यात बाटलीतला एवढासा गंगाराम दिसायचा तर फोकस धारदार पाहिजे.

'दे दणादण' (१९८७) मध्ये मारुतीरायाच्या कृपेने मिळालेली लक्ष्याची ताकद लाल रंग दिसला की जाते. अख्ख्या पिक्चरची गंमत त्या लालवर उभी आहे, आणि स्वस्त प्रोजेक्टरवर लाल नेमका विटकरी नाहीतर गुलाबी येतो. हा लावणार असाल तर रंग तपासल्याशिवाय प्रोजेक्टर घेऊ नका.

सहा-सात वर्षांखालची पोरं असतील तर पहिल्याच रात्री तात्या विंचू नको. काही पोरं खरंच घाबरतात, रडतात, आणि मग त्यांच्या आयांना पिक्चर बघायला मिळत नाही. एकच रात्र हाताशी असेल तर माझं मत 'दे दणादण'. पोरांना शक्ती आवडते, मोठ्यांना लक्ष्या आवडतो, आजीला मारुती आवडतो. दोन रात्री असतील तर दुसऱ्या दिवशी बनवाबनवी.

⚠️ एकाच रात्री दोन पिक्चर लावू नका. का ते पुढच्या टप्प्यात कळेल.

टप्पा २ : दिवस आणि वेळ

आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया, आणि यासाठी हा दिवस फार सोयीचा आहे. तृतीयेची चंद्रकोर बारीक असते, पश्चिमेला असते आणि नऊ-साडेनऊपर्यंत मावळते. आकाश काळं मिळतं. हाच कार्यक्रम पुढे ढकलत ढकलत पौर्णिमेला नेला तर संध्याकाळीच पूर्ण चंद्र वर येतो आणि पडदा धुऊन निघतो. त्यामुळे आखाजीचा आदला दिवस, आखाजी किंवा नंतरचे दोन-तीन दिवस, एवढ्यातच उरका.

आता घड्याळ. आपल्याकडे त्या दिवसांत सूर्य सातच्या जरा आधी मावळतो. पडद्यावर नीट दिसेल एवढा अंधार साडेसातच्या पुढे पडतो. दुसऱ्या टोकाला रात्री दहा आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्याप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. आणि नियम बाजूला ठेवला तरी उन्हाळ्यात शेजारीपाजारी सगळे आपापल्या गच्चीवर झोपलेले असतात, कोणाला पहाटे केळीच्या कटाईला जायचं असतं, त्यांची झोप मोडून आपण हसायचं हे बरोबर नाही.

म्हणजे हातात आहेत ७:४० ते १०, दोन तास वीस मिनिटं. त्यातून दहा मिनिटं मध्यंतर काढा. उरले दोन तास दहा मिनिटं. पिक्चरची लांबी आधी बघून घ्या. याच्यापेक्षा लांब असेल तर मध्यंतर पाच मिनिटांचं करा, तरी बसत नसेल तर मध्यंतरापर्यंत आज आणि पुढचा उद्या असं सरळ जाहीर करून टाका, पोरांना ते उलट आवडतं.

✔ तपासा: शेजारच्या दोन-तीन घरांना आदल्या दिवशी सांगितलं का? सांगूच नका, बोलवा. बोलावलेला शेजारी तक्रार करत नाही, वर स्वतःच्या गच्चीवरचा लाईटही बंद करतो.

टप्पा ३ : परवानगीचं एकदा समजून घ्या

घरचे लोक, पाहुणे, शेजारी, तिकीट नाही, हा घरगुती कार्यक्रम झाला. पण मंडळाने चौकात पडदा लावला, गावाला बोलावलं, वर्गणी घेतली, तर ते सार्वजनिक प्रदर्शन होतं आणि त्याला पिक्चरचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते. पिक्चर जुना झाला म्हणून फुकट होत नाही. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे लक्ष्याचे सगळेच पिक्चर त्यात येतात. ओटीटीचं सबस्क्रिप्शन पण फक्त घरच्या वापरापुरतं असतं.

टप्पा ४ : कॉपी आठ दिवस आधी हातात पाहिजे

सगळ्यात जास्त कार्यक्रम इथे फसतात. पिक्चर मोबाईलवर चालला म्हणजे प्रोजेक्टरवर चालेलच असं नाही.

ओटीटी ॲप वापरणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, फोनची स्क्रीन वायरलेस मिररिंगने प्रोजेक्टरवर टाकली की पुष्कळदा आवाज येतो आणि चित्र काळं येतं. ॲपमध्येच तसं लॉक असतं. त्यावर उपाय म्हणजे टीव्हीला लावायची स्टिक किंवा लॅपटॉप आणि मध्ये एचडीएमआय वायर. बरेच जुने मराठी पिक्चर हक्क असलेल्या कंपन्यांच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर आहेत, पण तिथे ऐन पंचच्या वेळी जाहिरात येते. जाहिरात न येणारं सबस्क्रिप्शन घरात कोणाकडे आहे का बघा आणि पिक्चर ॲपमध्ये डाऊनलोड करून ठेवा, कारण आखाजीच्या रात्री अख्खं गाव मोबाईलवर असतं आणि नेट रडतं.

स्वतः विकत घेतलेली फाईल पेनड्राईव्हवरून लावणार असाल तर दोन लफडी आहेत. पेनड्राईव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसत नाही. आणि स्वस्त प्रोजेक्टरला डॉल्बीचा आवाज वाचता येत नाही, चित्र मस्त चालतं आणि आवाज शून्य, मग लोक तासभर स्पीकरच्या वायरी हलवत बसतात. स्पीकरचा काहीच दोष नसतो. लॅपटॉपवरून लावा, प्रश्न मिटला.

मग ती कॉपी बघा. सगळी नाही, पण तीन ठिकाणी बघाच: सुरुवातीची पाच मिनिटं, मध्यंतराच्या आसपास, आणि शेवटची दहा मिनिटं. ओठ आणि आवाज जुळतात का? पुष्कळ कॉप्यांमध्ये सुरुवातीला जुळतात आणि शेवटाकडे आवाज मागे पडत जातो. पूर्ण अंगाची माणसं बुटकी आणि जाडी दिसत असतील तर चौकोनी चित्र ताणून रुंद केलंय, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकार निवडा. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या, काळ्या पट्टीने कोणाचं काही बिघडत नाही, पण लक्ष्याचा चेहरा चपटा झाला की त्याच्या अर्ध्या एक्स्प्रेशन गेल्या, आणि तो माणूस चेहऱ्यावरच तर खेळायचा.

टप्पा ५ : प्रोजेक्टर

ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर हजारो लुमेन (उजेडाचं माप) लिहिलेले असतात. त्या आकड्याकडे बघू नका. 'एएनएसआय लुमेन', म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा, विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर समजून जा. लग्नात फोटो स्टुडिओवाले जे प्रोजेक्टर लावतात ते साधारण ३००० एएनएसआयच्या पुढचे असतात आणि तालुक्याला भाड्याने मिळतात. वर्षातून एकदा लावणाऱ्याने भाड्यानेच आणावा.

किती लुमेन लागतील याचा साधा हिशोब असा: पडद्याचं क्षेत्रफळ चौरस फुटात काढा आणि १६ ने गुणा. आठ फूट रुंद पडद्याची उंची साडेचार फूट, म्हणजे ३६ चौरस फूट, गुणिले १६, झाले ५७६. हे पूर्ण अंधारात. रस्त्यावरचा लाईट थोडाफार येत असेल तर दुप्पट धरा. म्हणजे घरचा ३०० लुमेनचा छोटा प्रोजेक्टर असेल तर पूर्ण अंधारातही साडेपाच फुटाच्या वर जाऊ नका. लहान पण उजळ पडदा हा मोठ्या पण फिकट पडद्यापेक्षा कधीही चांगला, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

अंतराचं गणित पण आधी करा. प्रोजेक्टरवर 'थ्रो रेशो' म्हणून आकडा असतो. तो दीड असेल तर आठ फूट रुंद चित्रासाठी आठ गुणिले दीड, बारा फूट अंतर लागेल. गच्ची मोजून बघा. प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर मध्यावर, स्टुलावर, सपाट. तिरका ठेवायचा आणि मग कीस्टोनने चित्र सरळ करायचं असं करतात सगळे, त्याने चित्र दिसतं सरळ, पण अक्षरं आणि बारीकसारीक गोष्टी पुसट होतात. आधी स्टूल हलवा, त्यातूनही राहिलं तरच कीस्टोन.

⚠️ बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात दिवसा पारा ४४-४५ च्या पुढे जातो आणि स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. प्रोजेक्टर दिवसभर गच्चीवर ठेवू नका, स्लॅबवर तर अजिबात नको, आणि धूळ बसते म्हणून त्याच्यावर रुमाल टाकू नका. हवेची जाळी चारी बाजूंनी मोकळी पाहिजे.

टप्पा ६ : पडदा

सगळ्यात उत्तम पडदा म्हणजे पांढरा चुना दिलेली सपाट भिंत. जिन्यावरच्या खोलीची भिंत असेल तर दोन हात चुना आधीच मारून घ्या, कापडाची भानगडच संपली. ऑइलपेंटची चमकणारी भिंत चालत नाही, मधोमध प्रोजेक्टरचा गोळा दिसतो. फ्लेक्सच्या बॅनरची मागची बाजू पण याच कारणाने नको.

भिंत नसेल तर मंडपवाल्याकडून जाड पांढरं कापड. घरची चादर पातळ असते, अर्धा उजेड मागे निघून जातो. चादरच वापरायची असेल तर दुहेरी करा आणि इस्त्री करा. हो, इस्त्री. सुरकुती दिवसा दिसत नाही, पण प्रोजेक्टरच्या उजेडात प्रत्येक सुरकुतीची सावली पडते.

बांधायचा कसा? नुसता वरून टांगला की वारा आल्यावर फुगतो. दोन बांबू उभे, एक आडवा वर, एक आडवा खाली, आणि कापडाच्या चारी कडा दर फुटावर सुतळीने ताणून बांधा. आखाजीच्या दिवसांत संध्याकाळी वावटळ उठते, कधी वळवाचा पाऊस पण येतो, त्यामुळे बांबू कठड्याला पक्के बांधा पण सुतळीच्या गाठी ओढली की सुटणाऱ्या मारा. जोराचा वारा आला तर कापड आधी सोडायचं. शिडासारखा फुगलेला पडदा कठड्यावरून खाली जाऊ शकतो आणि बांबूसकट गेला तर खाली कोणाच्या तरी डोक्यात बसेल.

जमलं तर पडदा गच्चीच्या पश्चिम टोकाला, तोंड पूर्वेकडे. पश्चिमेला उजेड बराच वेळ रेंगाळतो, तो समोरून पडद्यावर पडत नाही.

टप्पा ७ : आवाज, इथे घाई करू नका

पहिला नियम, स्पीकर पडद्याजवळ. प्रोजेक्टर मागे आहे म्हणून वायर वाचवायला स्पीकर मागेच ठेवतात आणि मग अशोक मामा समोर बोलतात आणि आवाज पाठीमागून येतो, डोक्याला ते पटतच नाही. पडद्याच्या मधोमध खाली किंवा दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, खुर्चीवर ठेवा. जमिनीवर ठेवला तर पहिली रांग सगळा आवाज खाऊन टाकते.

दुसरा, ब्लूटूथ नको. ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा पोचतो. गाण्यात ते जाणवत नाही, पण कॉमेडीत थप्पड आधी दिसते आणि आवाज मग येतो, सगळं टायमिंग गेलं. वायर लावा. लॅपटॉपला एचडीएमआय जोडली की लॅपटॉप आपोआप आवाज प्रोजेक्टरकडे पाठवतो आणि त्याचा तो एवढासा स्पीकर कुईकुई करतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आवाज हेडफोनच्या जॅककडे वळवा आणि तिथून लांब ऑक्स वायर स्पीकरला.

तिसरा, डीजेची सेटिंग काढा. भाड्याचा स्पीकर लग्नातून आलेला असतो, त्याचा बेस फुल असतो. बेस अर्ध्याच्या खाली आणा, मधला नॉब वाढवा, माणसाचा आवाज त्या मधल्यातच असतो. असल्या जुन्या पिक्चरचा आवाज बहुधा एकाच ट्रॅकचा असतो, त्यामुळे एक चांगला स्पीकर पुरतो, चार बॉक्स लावून गच्ची हलवायची काही गरज नाही.

चौथा, कूलर. खान्देशात उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस बसू शकत नाही हे मान्य, पण डेझर्ट कूलरच्या घरघरीत संवाद बुडतात. कूलर वर आणूच नका. संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर भरपूर पाणी मारा, स्लॅब सातपर्यंत बराच उतरतो. मग दोन टेबलफॅन, लोकांच्या मागून, कमी स्पीडवर.

आवाजाची टेस्ट गाण्यावर घेऊ नका! सगळे हेच करतात, गाणं दणक्यात वाजलं की 'झालं, ओके' म्हणतात. टेस्ट घ्यायची ती हळू आवाजातल्या बोलण्याच्या सीनवर, पंखे चालू ठेवून, शेवटच्या रांगेत बसून. तिथे प्रत्येक शब्द कळला तर आवाज बरोबर.

✔ तपासा: आजी किंवा आजोबा यांना पाच मिनिटं बसवून टेस्ट घ्या. त्यांनी शेजारच्याला 'काय म्हनस रे तो?' असं विचारलं तर अजून मधला नॉब वाढवा. व्हॉल्यूम नाही, मधला नॉब.

टप्पा ८ : लाईट

प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डवरून घ्या. वेगवेगळ्या सॉकेटवर लावले की पुष्कळदा स्पीकरमध्ये सतत गुणगुण येते. पंखे मात्र वेगळ्या बोर्डवर.

लाईट जाणार हे धरूनच चाला. दिव्याचा प्रोजेक्टर साधारण अडीचशे-तीनशे वॅट खातो, घरचा इन्व्हर्टर तेवढं पेलतो का वायरमनला विचारून घ्या. इन्व्हर्टर साइनवेव्हचा असेल तर उत्तम, जुना स्क्वेअरवेव्हचा असेल तर स्पीकरमध्ये गुणगुण येऊ शकते. दिव्याचा प्रोजेक्टर चालू असताना अचानक बंद पडला तर आतला पंखा पण थांबतो आणि गरम दिव्याचं आयुष्य कमी होतं. भाड्याची वस्तू आहे, काळजी घ्या.

⚠️ पाणी पाचला मारायचं, वायरी सहाला टाकायच्या. ओल्या स्लॅबवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवायचा नाही. वायर कठड्याच्या कडेने न्या, जिथे वाट ओलांडते तिथे चिकटपट्टी लावा.

टप्पा ९ : बसणं आणि खाणं

पहिली रांग पडद्याच्या रुंदीच्या दीडपट लांब, म्हणजे आठ फुटाच्या पडद्याला बारा फूट. पोरं सतरंजीवर पुढे, मग बाया-माणसं गोधड्यांवर, खुर्च्या आणि बाजा सगळ्यात मागे. वयस्कर माणसांना मान म्हणून मागे खुर्ची देतात आणि त्यांना ऐकूच येत नाही. त्यांची खुर्ची दुसऱ्या रांगेच्या कडेला, स्पीकरच्या बाजूला ठेवा. प्रोजेक्टरच्या उजेडाच्या वाटेत कोणी बसायचं नाही आणि जिना त्या वाटेत येत असेल तर पडद्याची जागाच बदला, कारण दर पाच मिनिटांनी कोणीतरी खाली जाणार आणि दर पाच मिनिटांनी पडद्यावर डोकं येणार.

कठडा कमरेपेक्षा कमी असेल तर लहान पोरं असताना त्या गच्चीवर हा कार्यक्रम करू नका. अंगणात करा. पिक्चर तिथेही तेवढाच छान दिसतो.

जेवणाचं म्हणाल तर आखाजीला दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झालेला असतो. रात्री परत जड जेवण दिलं की मध्यंतराच्या आधी निम्मी गच्ची घोरते. रात्री हलकं, आणि सातच्या आत. पिक्चर चालू असताना कुरडया-पापड फिरवू नका, त्या कुरकुरीत संवाद जातो. मध्यंतराला मुरमुरे-शेव आणि पन्हं, झालं.

टप्पा १० : त्या संध्याकाळचं वेळापत्रक

५:०० – गच्चीवर पाणी.
६:०० – वायरी, बांबू, पडदा. स्पीकर जागेवर.
६:३० – जेवण. प्रोजेक्टर अजून खालीच, सावलीत.
७:१० – प्रोजेक्टर वर. स्टूल, अंतर, फोकस. फोकस कोपऱ्यातल्या अक्षरांवर लावा, नुसता मधोमध बघू नका.
७:२५ – आवाजाची टेस्ट, वर सांगितल्याप्रमाणे.
७:३० – रंग. एखादा लाल कपडा असलेला सीन थांबवून बघा. प्रोजेक्टरमध्ये 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर काढा, 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' लावा.
७:३५ – गच्चीवरचे, जिन्यातले, शेजारचे लाईट बंद. जिन्यात पायरीपाशी एक छोटा पिवळा झिरो बल्ब राहू द्या, त्याचा उजेड पडद्यावर येता कामा नये.
७:४० – सुरू.

कोणी यायचं राहिलंय म्हणून थांबू नका. मामा साडेआठला येणार असतील तर मामा साडेआठपासून बघतील.

टप्पा ११ : चालू असताना

एक माणूस व्हॉल्यूमवर ठेवा आणि त्याने तो पिक्चर आधी पाहिलेला पाहिजे. या जुन्या पिक्चरमध्ये गाणं आणि मारामारी संवादापेक्षा बरीच मोठ्याने वाजते. गाणं सुरू झालं की थोडा कमी, संपलं की परत वर. हे काम कोणाला कळत नाही पण सगळ्यांना जाणवतं.

ज्यांना संवाद पाठ आहेत त्यांना आधीच सांगा, आणि हे प्रेमाने सांगा, की पंच यायच्या आधी म्हणू नका. मलाही बनवाबनवी पाठ आहे, तुम्हालाही असेल, पण गच्चीवर कोणीतरी दहा वर्षांची पोरगी तो पहिल्यांदा बघत असते आणि तिचं पहिलं हसणं तिचं तिलाच मिळालं पाहिजे. पिक्चरबरोबर म्हणा, आधी नको. आजीला फक्त अहिराणी नीट समजत असेल तर तिच्या शेजारी एक नात बसवा, ती कानात सांगेल.

मध्ये थांबवायची वेळ आली, कोणी रडलं, लाईट गेली, तर परत लावताना दोन मिनिटं मागे न्या. विनोद अर्धवट तुटलेला असतो, तो पहिल्यापासूनच ऐकावा लागतो.

हिवाळ्यात मळ्यात करायचं असेल तर

भरीत पार्टीच्या रात्री मळ्यात पिक्चर लावणारे बरेच आहेत आणि थंडीत ते फार छान जमतं. क्रम हाच, फरक तीन. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो म्हणून सातच्या आधीच सुरू करता येतं. मळ्यात लाईट कोणत्या वेळेला असते ते आधी विचारा, शेतीपंपाच्या लाईनच्या पाळ्या बदलतात, तिच्यावर प्रोजेक्टर लावू नका, व्होल्टेज कमीजास्त होऊन तो जळू शकतो. आणि वांगी भाजायचा जाळ पडद्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, कारण धुरात प्रोजेक्टरचा उजेड अडकतो आणि काडीकचऱ्याची ठिणगी कापडाला लागायला वेळ लागत नाही. भरीत आणि कळण्याची भाकरी पिक्चरच्या आधी.

टप्पा १२ : आवरताना

पिक्चर संपला की लगेच मेन स्विच पाडू नका. प्रोजेक्टर त्याच्या बटनानेच बंद करा, आतला पंखा एक-दोन मिनिटं फिरत राहील, तो थांबल्यावर वायर काढा. गरम असताना बॅगेत कोंबू नका. पोरांना आधी खाली पाठवा, मग मोठे लाईट लावा आणि बांबू सोडा. कापडाची घडी घालू नका, बांबूलाच गुंडाळून ठेवा म्हणजे दुसऱ्या रात्री परत इस्त्री करावी लागणार नाही. आणि पोरं झोपायच्या आत त्यांना उद्या कोणता लावायचा ते विचारून घ्या, म्हणजे ती कॉपी सकाळीच तीन ठिकाणी बघून होईल.